आडनाव वेगळे, जनुक मात्र तेच

लगीनसराई जवळ आली की निलंगा, औसा, उदगीर, देवणी या आपल्या भागात एक वाक्य हमखास कानावर पडते : "बाहेर कशाला पाहता? मामाची पोर आहे की!" आणि महिन्याभरात सुपारी फुटतेही. मुलीच्या बापाला जावई लहानपणापासून माहीत असतो. मुलाच्या आईला सून म्हणून भावाची लेक मिळते. देण्याघेण्याची घासाघीस कमी होते, शेतीवाडी नात्यात राहते आणि लेकीला सासूच्या रूपाने आत्या लाभते. कोरडवाहू मुलुखात अडीअडचणीला धावून येणारे माणूस जवळचेच असावे असे वाटले तर त्यात गैर काही नाही. म्हणून या चालीला 'अडाणीपणा' म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसणार नाही.

परंतु या सोयरिकीचा आरोग्याच्या बाजूने एक हिशेब आहे. तो बैठकीत कोणी मांडत नाही आणि पत्रिकेतही दिसत नाही. पुष्कळदा तो कळतो तो घरात एखादे मूल बहिरे जन्मल्यावर किंवा दर महिन्याला रक्त चढवण्याची पाळी आल्यावर. हा हिशेब लग्न ठरण्यापूर्वी समजून घेतला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सीमेवरचा मुलूख

निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, हे आजच्या तरुणांना कदाचित ठाऊक नसेल. आपल्या सोयरिकी आजही भालकी, बसवकल्याण, औराद, बीदरकडे जातात. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेसंबंधांचा नकाशा मांडला. उत्तरेत नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचे आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधला, असे ते चित्र आहे. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, पण चुलत आणि मावस भावंडे सख्ख्यांसारखीच मानली जातात. मुस्लिम समाजात चुलत-मावस भावंडांतही लग्ने होतात. सीमेपलीकडे, आणि अलीकडील काही समाजांतही, मामाने भाचीशी लग्न करण्याची चाल आहे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार मामा-भाची आणि भावाबहिणीची मुले ही नाती निषिद्ध यादीत येतात, पण दोन्ही बाजूंना तशी रूढी असेल तर कायदा मुभा देतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सुमारे ११ टक्के स्त्रियांची लग्ने नात्यात झालेली आढळली. तामिळनाडू, कर्नाटक, आंध्र प्रदेश या राज्यांत हे प्रमाण पावभर किंवा त्याहून थोडे अधिक निघाले. तेव्हा ही चाल इतिहासजमा झाली, असे समजण्याचे कारण नाही.

जोडी म्हणजे काय?

आपल्या शरीराचा आराखडा जनुकांमध्ये लिहिलेला असतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि शरीरातील प्रथिने कशी बनवायची हे सांगणारी सुमारे २० हजार जनुके त्यांवर असतात. जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी बापाकडून. सातबाऱ्याची एक प्रत फाटली तरी दुसरीवर काम भागते, तसेच इथे आहे. एका प्रतीत चूक असली तरी दुसरी चांगली प्रत बहुतेक वेळा काम निभावून नेते. त्या माणसाला आजार होत नाही. त्याला आपण 'वाहक' म्हणतो. अशा काही लपलेल्या चुका तुमच्या-आमच्या, सर्वांच्याच अंगात असतात.

अडचण येते ती दोन्ही प्रती एकसारख्या आणि दोन्ही चुकीच्या निघाल्या म्हणजे. मग भरपाई करायला चांगली प्रत उरत नाही आणि लपलेला दोष उघड्यावर येतो. आईबाप दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, वाहक निघण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक असते. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा त्याचा अर्थ नाही. दर खेपेला सोंगट्या नव्याने पडतात.

मामाच्या मुलीचा हिशेब

आता नात्याचे गणित पाहू. आजोबा-आजी या जोडप्याजवळ एखाद्या जनुकाच्या मिळून चार प्रती असतात. त्यांतली आजीची एक प्रत घ्या. ती मुलाकडे म्हणजे मामाकडे जाण्याची शक्यता निम्मी आणि मामाकडून त्याच्या मुलीकडे जाण्याची पुन्हा निम्मी. तीच प्रत लेकीकडे आणि लेकीकडून नातवाकडे जाण्याची शक्यताही अशीच निम्म्याची निम्मी. म्हणजे एकच प्रत नातू आणि नात अशा दोघांकडे पोचण्याची शक्यता सोळात एक. या दोघांचे लग्न झाले तर त्यांच्या बाळाला ती दोन्हीकडून मिळण्याची शक्यता आणखी चारात एक, म्हणजे ६४ मध्ये एक. अशा प्रती चार, म्हणून एकूण हिशेब ६४ मध्ये चार, अर्थात सोळात एक.

सोप्या शब्दांत सांगायचे तर मामेभाऊ-आतेबहीण किंवा आतेभाऊ-मामेबहीण यांच्या बाळाच्या अंगात सुमारे सहा टक्के जनुकांच्या जोड्या अशा असतात की दोन्ही प्रती मुळात एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असतात. मामा-भाचीच्या लग्नात हे प्रमाण दुप्पट, म्हणजे आठात एक होते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच दोन घरांत मुली देत-घेत राहिले तर आकडा याहूनही चढत जातो.

सारख्या जोड्या म्हणजे आजार नव्हे, हे मात्र नीट लक्षात घ्यावे. बहुसंख्य जोड्या चांगल्याच प्रतींच्या असतात. कोणत्याही जोडप्याच्या शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मजात गंभीर दोष असतो. सख्ख्या मामेभावंड-आतेभावंडांच्या लग्नात त्यात साधारण दोन-तीनांची भर पडते. म्हणजे शंभरातली ९४-९५ मुले ठणठणीत असतात. नात्यातले लग्न नवा दोष निर्माण करत नाही. घरात दडलेल्या दोषाच्या दोन प्रती एकत्र येण्याची संधी तेवढी वाढवते.

हे शेतकऱ्याला नवे नाही. आपल्या भागाला देवणी गाईंचा आणि शेजारी कंधारला लाल कंधारी जनावरांचा वारसा आहे. कळपातला वळू दोन-तीन वर्षांनी बदला, नाही तर तो स्वतःच्याच कालवडींवर येतो, असे पशुवैद्य सांगतात ते याच कारणाने. गोठ्यात आपण जी काळजी घेतो ती माजघरात का घेऊ नये?

आणखी एक गोष्ट. गोत्र, देवक, आडनाव यांचे नियम आपण काटेकोर पाळतो, पण हे सारे नियम बापाची बाजू मोजतात. जनुके आई आणि बाप अशा दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी येतात. मामाचे आडनाव वेगळे, देवक वेगळे, म्हणून रक्त वेगळे होत नाही. चुलत बहीण जितकी जवळची, जवळपास तितकीच मामेबहीणही जवळची. समाज त्यांत फरक करतो, जनुकांचा हिशेब करत नाही.

मुंबईत सापडलेला रक्तगट

दोन्ही प्रती सारख्या असणे म्हणजे काय, याचे जगभर गाजलेले उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक निराळाच रक्तगट शोधला आणि 'लॅन्सेट' या विलायती नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हापासून जग त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणते. मुंबईत तो दर दहा हजारांत साधारण एकाला असतो. युरोपात तो अतिशय दुर्मीळ आहे.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींवर 'एच' नावाचा एक पायाभूत पदार्थ असतो. ए आणि बी गटांचे पदार्थ त्याच पायावर उभे राहतात. ओ गटात नुसता पाया असतो. 'एच' बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर पायाच घातला जात नाही. मग ए किंवा बी चे जनुक अंगात असूनही ते दिसत नाही. साध्या काचपट्टीच्या तपासणीत हे रक्त 'ओ' वाटते, पण अशा माणसाला ओ गटाचे रक्त दिले तर त्याचे शरीर त्यावर तुटून पडते आणि जीव धोक्यात येतो. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. एरवी हा माणूस पूर्ण निरोगी असतो. या गटाच्या माणसांचे आईबाप नात्यातले असल्याचे वारंवार आढळले आहे. कारण तेच : दुर्मीळ प्रत दोन्हीकडून येण्याची वाट नात्यातूनच सोपी होते.

यातून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. एक, रक्तगट रक्तपेढीत, पेशी आणि रक्तद्रव अशा दोन्ही बाजूंनी तपासून घ्यावा. घरात कोणी बॉम्बे गटाचे निघाले तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करावी, कारण त्यांच्यात तो सापडण्याची शक्यता निदान चारात एक असते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. नवरा-बायको दोघांच्या कागदावर 'ओ' आणि मुलाच्या कागदावर 'ए' असे निघाले की काही घरांत बाईच्या चारित्र्यावर संशय घेतला जातो. बॉम्बे गटाच्या माणसात ए चे जनुक दडलेले असू शकते आणि ते मुलात उघड होऊ शकते. कागदाच्या एका चिटोऱ्यावरून संसार मोडण्यापूर्वी रक्तपेढीत पुन्हा तपासणी करावी, ही कळकळीची विनंती.

एक प्रत वरदान, दोन प्रती शाप

आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील किनवट, माहूर भागातल्या आदिवासी बांधवांत सिकलसेल हा आजार आढळतो. या जनुकाची एकच प्रत असेल तर माणसाला सहसा त्रास होत नाही, उलट हिवतापाच्या गंभीर माऱ्यापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या मुलुखात हे जनुक टिकून राहिले. मात्र दोन्ही प्रती तशाच आल्या की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मुलाला असह्य दुखणी सोसावी लागतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले, त्यात आदिवासी भागांतील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे.

थॅलेसेमियाचेही असेच. आपल्या देशात शंभरात तीन-चार जण त्याचे वाहक आहेत आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. दोन वाहकांच्या पोटी दोन्ही प्रती सदोष असलेले मूल जन्मले तर साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या आत ते पांढरेफटक पडू लागते आणि पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. जन्मजात बहिरेपणातही जीजेबी-२ या जनुकाचा मोठा वाटा आहे. एक प्रत सदोष असलेल्याला उत्तम ऐकू येते, दोन्ही सदोष असल्या की मूल ऐकू शकत नाही. आईबाप ऐकणारे-बोलणारे, मूल मात्र मुके-बहिरे, याचे घरच्यांना जे आश्चर्य वाटते त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

'दोष बाईचा' हे साफ खोटे

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. असे मूल जन्मले की आपल्याकडे पहिले बोट सुनेकडे जाते. "तिच्याच पायगुणाने झाले", "ग्रहणात काही चिरले असेल", "तिच्या माहेरचे खोड" असे बोलून तिला माहेरी धाडतात, कधी दुसरे लग्नही लावतात. वाचकहो, वर सांगितलेले आजार एका प्रतीने होतच नाहीत. एक प्रत आईने दिली तर दुसरी बापानेच दिलेली असते. आणि मामाच्याच मुलीला सून करून आणल्यावर 'तिच्या माहेरचे खोड' हे वाक्य किती पोकळ ठरते पाहा. तिचे माहेर हेच तर सासूचे माहेर! सासूच्या आणि सुनेच्या बापाच्या अंगात तेच आजोबा-आजी आहेत. यात पाप नाही, शाप नाही आणि दोषीही कोणी नाही.

"आमच्या आजा-पणजांनीही हेच केले, त्यांना काय झाले?" असे वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की बहुतेकांना खरोखरच काही झाले नाही, कारण शक्यता अल्पच असते. पण त्या काळी आठ-दहा बाळंतपणांत दोन-तीन मुले जाणे नेहमीचे होते. गोवर, हगवण, हिवताप यांत कोण गेले आणि आनुवंशिक आजाराने कोण गेले, हे कोण पाहणार? सारे 'बाहेरचे' या एका नावाखाली जात असे. आज लसी आणि औषधांमुळे ते मृत्यू घटले, म्हणून हे आजार वेगळे दिसू लागले आहेत.

हा प्रश्न फक्त आपला नाही. इंग्लंडमध्ये डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ साली लघवी काळी पडणाऱ्या एका दुर्मीळ विकाराचा अभ्यास केला, तेव्हा अशा रुग्णांचे आईबाप अनेकदा सख्खे चुलत-मावस भावंड असल्याचे त्यांच्या लक्षात आले. थोर शास्त्रज्ञ डार्विन यांनी १८३९ साली मामाच्याच मुलीशी लग्न केले होते. त्यांच्या दहा मुलांपैकी तीन बालपणीच गेली आणि नात्यातल्या लग्नाचा हा प्रश्न त्यांना आयुष्यभर सतावत राहिला. १८७१ च्या जनगणनेत याविषयी प्रश्न विचारावा असा त्यांचा आग्रह होता, पण तो मान्य झाला नाही.

नाते नाही म्हणून निश्चिंत?

काही वाचक म्हणतील, आम्ही तर नात्यात करतच नाही. पण आपली पोटजात लहान असेल, सोयरीक त्याच दहा-बारा गावांत फिरत असेल, तर पाच-सहा पिढ्यांमागे कोठेतरी एकच पणजोबा निघतो. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात भारतातील अनेक जातीगट मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याचे दिसले आणि तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. याच कारणाने काही समाजांत विशिष्ट दोष अधिक आढळतात. तेव्हा सोयरिकीचे वर्तुळ रुंद करणे हा सामाजिक सुधारणेचा विषय तर आहेच, तो आरोग्याचाही विषय आहे.

काय करावे?

आमचे मत असे आहे. मामा-भाचीची लग्ने आता थांबावीत. सख्ख्या मामाच्या किंवा आत्याच्या मुलीचा आग्रह मोठ्यांनी धरू नये, विशेषतः आधीच्या पिढीतही त्याच घरात लग्न झाले असेल किंवा घराण्यात बहिरे, मतिमंद वा वारंवार रक्त लागणारे मूल असेल तर अजिबात नको. मुलामुलीने 'नको' म्हटले तर तो मामाचा अपमान समजू नये.

लग्न ठरतच असेल, किंवा झालेले असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. तपासणी करावी. साध्या रक्ततपासणीबरोबर हिमोग्लोबिनची 'एचपीएलसी' ही तपासणी केली की थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे वाहक बहुधा कळतात. ती आयुष्यात एकदाच पुरते. एकच जण वाहक असेल तर काळजी नाही. दोघेही वाहक निघाले तर गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यातच वारेचा नमुना तपासून गर्भाविषयी कळू शकते, म्हणून दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. ही तपासणी आजार पाहण्यासाठी असते. मुलगा-मुलगी पाहणे हा गुन्हा आहे, हे सांगायला नकोच.

बाळ जन्मल्यावर त्याला ऐकू येते की नाही हे पहिल्या काही महिन्यांतच तपासून घ्यावे. 'उशिरा बोलेल, त्याचा बापही उशिराच बोलला' म्हणत तीन वर्षे घालवू नयेत. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मजात दोषांची तपासणी अंगणवाडी आणि शाळेत होते, तिचा लाभ घ्यावा. लातूर व नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पुढील सल्ल्याची चौकशी करता येते. थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्रही मिळू शकते.

डॉक्टरकडे जाताना एक कागद सोबत न्यावा. त्यावर दोन्ही घरांच्या तीन पिढ्या लिहाव्यात : कोणाचे लग्न कोणाशी, कोणती मुले लहानपणी गेली, कोणाला काय आजार होता. हे काम आजीइतके चांगले कोणी करू शकत नाही. सोयरीक जुळवताना आपण तिला विचारतोच. यंदाच्या लगीनसराईत ही माहितीही तिला विचारावी आणि ती लपवू नये.